घोटा त्याचा, गुण आपले

९ सप्टेंबर २०२४ची दुपार. कॅलिफोर्नियातल्या सान्ता क्लारात सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नायनर्सचा मोसमातला पहिला सामना सुरू व्हायला दीड तास उरला होता. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये याच सुमारास दोन्ही संघ आज कोण खेळणार नाही याची यादी जाहीर करतात. नायनर्सच्या यादीत ख्रिश्चन मॅकॅफ्रीचं नाव निघालं. त्याची पोटरी दुखतेय असं बरेच दिवस कानावर येत होतं, पण संघाकडून सगळं गुळमुळीत चाललं होतं. आदल्या मोसमात धावून १४५९ यार्ड काढणारा आणि एकूण २१ टचडाउन करणारा हा गडी.

त्याला स्वतःला किती दुखत होतं ते त्यालाच ठाऊक. पण ज्या ज्या घरांत फॅन्टसी लीगच्या ड्राफ्टमध्ये त्याला पहिल्याच फेरीत मोठ्या दिमाखात उचललं होतं, तिथे पोटात गोळा आला. आणि ज्या थोड्यांनी बाराव्या-तेराव्या फेरीत, रकाना रिकामा राहू नये म्हणून, जॉर्डन मेसन हे नाव टाकलं होतं, ती मंडळी सोफ्यावरून उडाली. मेसन हा तेव्हा मॅकॅफ्रीच्या मागचा राखीव खेळाडू. २०२२च्या खऱ्या, म्हणजे एनएफएलच्या संघांनी नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये ३२ संघांपैकी एकानेही त्याला विचारलं नव्हतं. त्या रात्री तो २८ वेळा चेंडू घेऊन पळाला, १४७ यार्ड काढले, वर एक टचडाउन केला. मंगळवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी एक तरी माणूस सांगत असणारच, की मेसनमध्ये काहीतरी आहे हे आपल्याला केव्हाच दिसलं होतं.

दिसलं होतं ते मॅकॅफ्रीच्या पोटरीत.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दहा-बारा मित्र मिळून लीग काढतात. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री एनएफएलमधले खरे खेळाडू आपापसांत वाटून घेतात. एकदा एकाने उचलला की तो गडी दुसऱ्याला नाही. मग दर आठवड्याला आपल्या खेळाडूंनी मैदानावर जे केलं त्याचे गुण आपल्याला: धावून वा झेलून काढलेल्या दहा यार्डांना एक, तशा टचडाउनला सहा, आणि बऱ्याच लीगांत चेंडू नुसता झेलला तरी एक. त्या आठवड्यात ज्याच्याशी आपली जोडी लागली असेल त्याच्यापेक्षा अर्धा गुण जास्त झाला तरी आपण जिंकलो. बहुतेक लीगांत सतरा आठवडे हे चालतं. खरा संघ जिंकला की हरला याच्याशी कुणाला फारसं देणंघेणं नसतं. जन्मभर एका संघावर जीव ओवाळून टाकणारी माणसं त्याच संघाविरुद्ध आपल्या खेळाडूने टचडाउन करावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात.

आता, पहिल्या फेरीत प्रत्येकालाच एकेक दिग्गज मिळतो, तेव्हा त्याचं कौतुक नाही. लीग जिंकतो तो दहाव्या फेरीत फुकटात मिळालेला, ज्याचं नाव जुलैपर्यंत त्याच्या आत्येभावालाही ठाऊक नव्हतं असा खेळाडू. त्याला म्हणतात ब्रेकआउट. तो कुणाच्या आधी कुणाला दिसला, यावर मैत्र्या टिकतात आणि तुटतात. त्याला हेरण्याचं शास्त्र सांगणारी मासिकं आहेत, पॉडकास्ट आहेत, त्यावर उत्तम कमाई करणारे पंडित आहेत. मॅथ्यू बेरी हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. हे गृहस्थ आधी हॉलिवूडमध्ये पटकथा लिहीत, ‘क्रोकोडाइल डंडी इन लॉस एंजेलिस’च्या लेखकांपैकी एक. कल्पित कथेचा अनुभव पुढे वाया गेला असं म्हणता येणार नाही.

या विद्येची सुरुवात झाली तीच मुळी चुकलेल्या अंदाजाने. १९६२ साली ओकलंड रेडर्सचे एक छोटे भागीदार बिल विंकनबाख संघाबरोबर पूर्वेच्या दौऱ्यावर होते. न्यू यॉर्कच्या हॉटेलात संघाचा एक प्रसिद्धी अधिकारी आणि एक वार्ताहर यांना घेऊन त्यांनी या खेळाचे नियम बांधले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६३मध्ये, विंकनबाख यांच्या घरच्या तळघरात आठ संघांचा जगातला पहिला फॅन्टसी ड्राफ्ट झाला. लीगचं नाव ‘ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग’. नाव उच्चारेपर्यंत एक फेरी होऊन जात असावी. आत शिरायचं तर रेडर्स ज्यात खेळत त्या एएफएल या लीगशी कारभारी नातं हवं, नाहीतर फुटबॉलवर लिहिणारा पत्रकार हवा, नाहीतर रेडर्सची मोसमाची दहा तिकिटं घेतलेली किंवा विकलेली हवीत. म्हणजे बसलेले सगळे जाणकार. या जाणकारांतून पहिला मान मिळालेल्या अँडी मूसालिमस यांच्या संघाने उचललं कुणाला? ह्यूस्टन ऑयलर्सच्या जॉर्ज ब्लांडाला. आदल्याच वर्षी ब्लांडाने ४२ वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला होता. एका मोसमातला तो विक्रम आजही मोडलेला नाही. क्लीव्हलंडचा जिम ब्राउन मोकळा बसला होता. त्याने त्या वर्षी १८६३ यार्ड पळून तेव्हाचा विक्रम केला.

मूसालिमस ओकलंडमध्ये ‘किंग्ज एक्स’ नावाचा बार चालवत. हार मानणं राहिलं बाजूला, १९६९मध्ये त्यांनी हा खेळ बारमधल्या गिऱ्हाइकांसाठी खुला केला, आणि तिथून तो गावभर झाला. पहिलीच निवड फसलेल्या माणसाने पंथ वाढवावा, हे त्या पंथाच्या स्वभावाला धरूनच आहे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपल्याकडे म्हणतात. इथे ते दुसऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये गेल्यावर दिसतात. मोठमोठ्या ब्रेकआउटांच्या कथा काढून बघाव्यात. कर्ट वॉर्नरची तर दंतकथाच झाली आहे. कॉलेज संपल्यावर कुणी घेईना म्हणून आयोवातल्या सीडर फॉल्सच्या हाय-व्ही किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर रात्री फळ्यांवर डबे लावले. मग बंदिस्त मैदानातल्या अरीना फुटबॉलमध्ये हात साफ केला. १९९९मध्ये तो सेंट लुईस रॅम्सचा राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, होता. ऑगस्टमधल्या एका सराव सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनच्या गुडघ्याची दोरी तुटली. प्रशिक्षक डिक व्हर्मील पत्रकारांसमोर रडले. वॉर्नरने त्या मोसमात ४३५३ यार्ड फेकले, ४१ टचडाउन दिले, सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला, सुपर बोलही जिंकला. ग्रीनचा गुडघा शाबूत राहिला असता तर वॉर्नर वर्षभर बाकावर बसून हाताची घडी घालून सामने पाहत बसला असता, आणि फॅन्टसीतल्या ज्या भाग्यवंतांनी त्याला उचललं त्यांना पुढे वीस वर्षं सांगायला गोष्ट उरली नसती.

२०१०चा एरियन फॉस्टर घ्या. हाही ड्राफ्टमध्ये न निवडलेला. ह्यूस्टन टेक्सन्सने त्या वर्षी बेन टेट नावाचा चेंडू घेऊन धावणारा गडी दुसऱ्या फेरीत मुद्दाम आणला होता. पहिल्याच सराव सामन्यात टेटचा घोटा मोडला. मोसमाच्या पहिल्या दिवशी फॉस्टरने इंडियानापोलिसविरुद्ध २३१ यार्ड आणि तीन टचडाउन केले, वर्षअखेर १६१६ यार्डांवर थांबला. त्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये माँटारिओ हार्डेस्टीचा गुडघा गेला आणि पेटन हिलिस उगवला. २०२३मध्ये लॉस एंजेलिसला कूपर कपची मांडीमागची शीर आखडली आणि पाचव्या फेरीतला, १७७व्या क्रमांकाचा पुका नकुआ दुसऱ्याच सामन्यात १५ झेल घेऊन मोकळा झाला. वर्षभरात १०५ झेल आणि १४८६ यार्ड. नवख्या खेळाडूसाठी तेव्हा दोन्ही विक्रम.

कधी पाय मोडत नाही, कागद मोडतो. २०१८मध्ये पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलला मनासारखा करार मिळाला नाही. साडेचौदा दशलक्ष डॉलर टेबलावर ठेवून तो वर्षभर घरी बसला. फॅन्टसीतली असंख्य माणसं त्याला पहिल्या दोन-तीन निवडींत घेऊन बसली होती, आणि नोव्हेंबरपर्यंत ‘आता येईल, पुढच्या आठवड्यात येईल’ या आशेवर जगली. त्याच्या जागी आलेला जेम्स कॉनर कॉलेजात असताना कर्करोगाशी लढून परतलेला. त्याने पहिल्याच सामन्यात १३५ यार्ड आणि दोन टचडाउन केले, तेरा सामन्यांत ९७३ यार्ड काढले. खरं तर या खेळातल्या एखाद्या गोष्टीने डोळ्यांत पाणी यावं तर ही. पण बेलच्या मालकांच्या डोळ्यांतलं पाणी वेगळ्या कारणाचं होतं.

याला अपवाद आहेत. कॅन्सस सिटीने आपला चांगला चालणारा क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथ २०१८मध्ये सरळ दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि पॅट्रिक महोम्सला पुढे केलं. महोम्सने पहिल्याच पूर्ण मोसमात ५० टचडाउन फेकले. तिथे कुणी जायबंदी झालं नाही. जागा मात्र रिकामीच झाली. म्हणून जाणते लोक खेळाडूच्या वेगाबद्दल, उंचीबद्दल फारसं बोलत नाहीत. ते मोजतात तो किती डावांत मैदानावर होता, संघाने फेकलेल्या दर शंभर चेंडूंपैकी किती त्याच्याकडे आले, गोलरेषेपाशी कुणावर भरवसा टाकला. हातात चेंडूच न आलेला महान खेळाडू शून्य गुणांचा, आणि वीस वेळा चेंडू मिळालेला मध्यम खेळाडू देवमाणूस. हे कळायला फार बुद्धी लागत नाही, आणि नेमकं तेच ड्राफ्टच्या रात्री कुणाला आठवत नाही.

कारण त्याआधी ऑगस्ट असतो. सराव शिबिरांच्या बातम्यांचा महिना. या महिन्यात एनएफएलमधला प्रत्येक खेळाडू आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत असतो. कुणी दहा पौंड कमी केलेले असतात म्हणून चपळ झालेला असतो, कुणी दहा पौंड वाढवलेले असतात म्हणून दणकट झालेला असतो. कुणी गेल्या वर्षी झेल सोडत होता, त्याने सुट्टीत हातांवर मेहनत घेतलेली असते. प्रशिक्षक सगळ्यांबद्दल सारख्याच उत्साहाने बोलतात, आणि दहा सेकंदांच्या चित्रफितीत कुणीही अडवायला नसताना घेतलेला झेल पाहून लोक शितावरून भाताची परीक्षा उरकतात.

या ऑगस्टी आशेचं आराध्यदैवत म्हणजे काइल पिट्स. २०२१च्या ड्राफ्टमध्ये अटलांटाने या टाइट एंडला, म्हणजे अडवायचं आणि झेलायचं दोन्ही करणाऱ्या गड्याला, चौथ्या क्रमांकावर घेतलं; त्या जागेवर खेळणाऱ्याला इतकं वर कुणी घेत नाही. पहिल्याच वर्षी त्याने १०२६ यार्ड काढले. नवख्या टाइट एंडने हजाराचा टप्पा गाठावा हे १९६१च्या माइक डिटकानंतर प्रथमच घडलं. टचडाउन किती? एक. तोही लंडनमध्ये जाऊन. पंडितांनी ताबडतोब हिशेब मांडला: इतके यार्ड आणि एकच टचडाउन म्हणजे पुढच्या वर्षी दहा ठरलेले. पुढच्या वर्षी दोन झाले आणि गुडघा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी तीन. त्याच्या पुढच्या वर्षी चार. कोकणातल्या एखाद्या नामांकित कलमासारखं त्याचं झालं: मोहोर दरसाल असा की रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबून बघावं, आणि मे महिन्यात मालकाच्या हातात चार फळं. तरी पुढच्या ऑगस्टला कुणीतरी त्याच्यावर उडी टाकतंच. हिशेब लावला तर प्रगतीही दिसते. दरवर्षी एकाने वाढतायत.

ड्राफ्टची रात्र हा स्वतंत्र प्रकार आहे. बहुतेक ठिकाणी निवडीचा क्रम नागमोडी असतो: बारा जणांत जो पहिल्या फेरीत शेवटचा, तो दुसरीत पहिला. म्हणजे ज्याला सगळ्यांत आधी मॅकॅफ्री मिळाला त्याला पुढची निवड यायला बावीस नावं उडून जाताना पाहावी लागतात. दीड मिनिटाचं घड्याळ सुरू असतं. महिनाभर रंगीत पेन्सिलींनी खुणा केलेला तक्ता समोर असतो. चौथ्या फेरीत कुणीतरी एक क्वार्टरबॅक उचलतो, लगेच दुसरा उचलतो, आणि तिसऱ्याच्या मनात येतं की आपल्याला उरतो की नाही. मग तक्ता बाजूला, पेन्सिल खाली, एका दमात पाच क्वार्टरबॅक संपतात. ज्याला गरज नव्हती तोही घेऊन बसतो. सातव्या फेरीत एखादा नवखा किकर घेतो. हशा पिकतो, कारण किकर शेवटच्या फेरीत घ्यायचा हा या धर्मातला एकमेव निर्विवाद नियम आहे. डिसेंबरात तोच किकर त्याला एखादा सामना जिंकून देतो, तेव्हा कुणी हसत नाही. त्या हशाचा उल्लेखही करत नाही.

डावपेचांना भारदस्त नावं आहेत. २०१३मध्ये एका विश्लेषकाने ‘झीरो आरबी’ नावाचा पवित्रा मांडला आणि तो पंथासारखा पसरला. रनिंग बॅक म्हणजे धावणारे गडी. त्यांच्यावर दर डावात दीडशे किलोची माणसं आदळतात, ते टिकत नाहीत. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत त्यांच्या वाटेलाच जायचं नाही. झेल घेणारे वाइड रिसीव्हर घ्यायचे. पुढे शेवटच्या फेऱ्यांत इतर संघांचे राखीव रनिंग बॅक गोळा करून बाक भरायचा, आणि वाट बघायची. कशाची, ते कागदावर ‘बाजारातील अस्थिरता’ असं लिहिलेलं असतं. मराठीत सांगायचं तर कुणाचा तरी घोटा मोडण्याची. याच्या उलट स्वभावाची माणसं आपल्याच मुख्य खेळाडूचा राखीव गडी सोबत घेऊन ठेवतात. त्याला ‘हँडकफ’, म्हणजे बेडी म्हणतात. एक पक्ष दुसऱ्याच्या घरच्या दुःखावर नजर ठेवून, दुसरा स्वतःच्या घरच्या दुःखाची तजवीज करून. दोघंही सज्जन, दोघंही रविवारी मुलांना घेऊन बागेत जातात, फक्त फोन खिशात राहत नाही.

सान्ता क्लारा, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात मराठी इंजिनिअरांची वस्ती दाट आहे, आणि ऑफिसच्या लीगला अकरा जण जमले की बारावा म्हणून नुकत्याच आलेल्याला ओढतात. पायाने न खेळल्या जाणाऱ्या या फुटबॉलबद्दल त्याला सुरुवातीला काही कळत नाही. ऑक्टोबरात तोच पहाटे उठून वेव्हरचे निकाल बघतो. वेव्हर म्हणजे कुणाकडेच नसलेल्या खेळाडूंचा बाजार. बऱ्याच लीगांत प्रत्येकाला मोसमभरासाठी शंभर काल्पनिक डॉलर मिळतात. रविवारी कुणी जायबंदी झाला की त्याच्या राखीव गड्यावर बंद लिफाफ्यात बोली लावायची. मंगळवारी रात्री ती उघडते. आणि मंगळवारी संध्याकाळीच नेमका ठाण्याहून आईचा व्हिडिओ कॉल येतो.

“लक्ष कुठेय तुझं?”

“काही नाही गं. एकाचा घोटा गेलाय.”

“अगं बाई! ऑफिसातला का रे?”

“नाही, माझ्या टीममधला.”

“मग भेटून आलास का? डबाबिबा काही नेलास?”

यावर खरं उत्तर द्यायचं तर बरंच मागून सुरू करावं लागतं. तो फक्त ‘जातो’ म्हणतो आणि त्या घोट्याच्या जागी आलेल्या मुलावर ३७ डॉलरची बोली लावतो.

नियमांच्या फटी शोधणं ही या खेळातली वरच्या इयत्तेची विद्या. नोव्हेंबर २०२०मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ बरगड्या मोडून बसला आणि त्याच्या जागी टेसम हिल आला. हिल हा संघात पडेल ते काम करणारा माणूस: कधी फेकायचा, कधी पळायचा, कधी झेलायचा. ईएसपीएन वाहिनीच्या फॅन्टसी खेळात त्याची नोंद टाइट एंड अशीही होती. टाइट एंडकडून आठवड्याला आठ-दहा गुण आले तरी माणूस समाधानी असतो. त्या जागेवर अख्खा क्वार्टरबॅक बसवता येतो हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी बसवला. हिलने अटलांटाविरुद्ध २३३ यार्ड फेकले, वर स्वतः पळून दोन टचडाउन केले. लीगालीगांत भांडणं पेटली. एका बाजूचं म्हणणं, ही शुद्ध लबाडी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नियमात बसतं. दुसऱ्या बाजूकडे हिल होता.

पण भांडणाचा कळस व्यावसायिक खेळाडूंनी गाठला, आणि तेही फुटबॉलपटूंनी नव्हे. २७ मे २०२२ रोजी सिनसिनाटीत बेसबॉलचा सामना सुरू होण्यापूर्वी रेड्स संघाचा टॉमी फॅम चालत गेला आणि त्याने जायंट्सच्या जॉक पीडरसनच्या सणसणीत थोबाडीत मारली. कारण फॅन्टसी फुटबॉल. आदल्या मोसमातल्या लीगमध्ये पीडरसनने न खेळणाऱ्या एका खेळाडूला जायबंदींच्या राखीव रकान्यात टाकून मोकळ्या जागी दुसरा घेतला होता. फॅमच्या मते हा गैरव्यवहार. पीडरसनचं म्हणणं, नियम वाचा, आणि फॅमनेही तेच केलं होतं. शिवाय समूहगप्पांत फॅमच्या जुन्या संघाची टर उडवणारं एक चित्र पीडरसनने टाकलं होतं, तेही मनात होतंच. फॅमला तीन सामन्यांची बंदी बसली. या लीगचा कमिशनर, म्हणजे तंटा मिटवायची जबाबदारी असलेला माणूस, कोण होता? तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माइक ट्राउट. फॅमने जाहीरपणे दोष त्याच्यावर ढकलला. कोट्यवधी डॉलर कमावणारी ही माणसं, मारामारी कशावरून, तर राखीव रकान्यावरून. सोसायटीच्या पार्किंगवरून होणाऱ्या भांडणांची ज्याला सवय आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकेने २००६च्या ऑनलाइन जुगारविरोधी कायद्यात फॅन्टसी खेळांना सवलत ठेवली आणि ऑफिसातली पाकिटं उजळ माथ्याने फिरू लागली. आपल्याकडे उलटा क्रम झाला. २००८मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ड्रीम११ने क्रिकेटवर हाच धंदा इतका वाढवला की भारतीय संघाच्या छातीवर नाव झळकलं. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळण्यावर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला आणि कंपनीला पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या.

ज्यांच्या पायांवर हे सारं उभं आहे त्या खेळाडूंना काय वाटतं? २०११च्या ऑगस्टमध्ये फॉस्टरची मांडी दुखावली, आणि त्याच्यावर चौकशांचा पाऊस पडला. मोसमापर्यंत येशील ना? पहिल्या फेरीत घेऊ की नको? मनापासून काळजी करणाऱ्यांचे त्याने ट्विटरवर आभार मानले आणि फॅन्टसी संघाच्या चिंतेने विचारणाऱ्यांना आजारी म्हणून टाकलं. मॉरिस जोन्स-ड्रूचा स्वभाव वेगळा. नोव्हेंबर २००९मध्ये जेट्सविरुद्ध त्याला मोकळी वाट मिळाली होती, पण टचडाउन केला तर घड्याळात वेळ उरणार आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाणार, म्हणून तो एक यार्डावर मुद्दाम गुडघा टेकून थांबला. संघ शेवटच्या क्षणी जिंकला. सामन्यानंतर त्याने फॅन्टसीतल्या आपल्या मालकांची माफी मागितली. त्या आठवड्यात तो स्वतःच्याच फॅन्टसी संघातही होता. स्वतःच्या त्यागाने स्वतःचेच सहा गुण बुडवणारा असा दुसरा महात्मा सापडणं कठीण.

हिलिसचं पुढे काय झालं तेही सांगून टाकू, कारण ब्रेकआउटचा दुसरा अंक फारसा कुणी वाचत नाही. २०१०मध्ये ११७७ यार्ड काढल्यावर चाहत्यांनी मतं देऊन त्याला ‘मॅडन’ या व्हिडिओ गेमच्या मुखपृष्ठावर बसवलं. २०११मध्ये लोकांनी त्याला वरच्या फेरीत, पूर्ण भावाने घेतलं. तिसऱ्याच आठवड्यात घसा धरल्यामुळे तो खेळला नाही, आणि वर्षअखेर ५८७ यार्ड, तीन टचडाउन. गेल्या वर्षी फुकट मिळालेला माणूस यंदा पैसे मोजून घेण्याचा हा मोह दरवर्षी होतो, दरवर्षी अंगाशी येतो, आणि दरवर्षी पंडित सांगतात की हा वेगळा आहे.

शेवटी येणाऱ्याला शिक्षा ही प्रथाही पहिल्या लीगपासूनची. हल्ली तिला ऊत आला आहे. जून २०२१मध्ये मिसिसिपीतला एक वार्ताहर हरल्याबद्दल वॉफल हाउस या खानावळीत चोवीस तास बसला. प्रत्येक वॉफल खाल्ल्यावर एक तास माफ. नऊ वॉफल रिचवून तो पंधरा तासांनी बाहेर पडला. २००९ ते २०१५ चाललेल्या ‘द लीग’ या मालिकेत शेवटच्याच्या गळ्यात ‘सॅको’ पडतो आणि विजेत्याला ‘शिवा’ मिळतो. हा करंडक मित्रांच्या वर्गातल्या शिवकामिनी नावाच्या हुशार मुलीच्या नावाचा. ती भूमिका केली जनिना गवाणकर हिने; वडील मूळचे मुंबईचे. त्यामुळे अमेरिकी पुरुष दारू पिऊन जिच्या फोटोपुढे लोटांगण घालतात, तिचं आडनाव ऐकून सिंधुदुर्गातला माणूस पहिला प्रश्न गाव कोणतं हाच विचारील.

आता पराकोटीच्या भाग्याचं एक उदाहरण. २५ डिसेंबर २०२०, नाताळचा शुक्रवार, बहुतेक लीगांच्या अंतिम सामन्याचा आठवडा. न्यू ऑर्लिन्सच्या एल्विन कमाराने मिनेसोटाविरुद्ध धावून सहा टचडाउन केले. एका सामन्यात धावून इतके याआधी फक्त १९२९मध्ये शिकागो कार्डिनल्सच्या अर्नी नेव्हर्सने केले होते. त्यात धावलेले १५५ यार्ड, तीन झेल आणि झेलांवरचे १७ यार्ड धरले की झेलाला गुण देणाऱ्या लीगांत एकट्या कमाराचे ५६.२ गुण होतात. अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी जेवणाच्या टेबलावरून उठायच्या आत हरलेला. सेंट्सने त्या दिवशी धावून एकूण सात टचडाउन केले, आणि त्यातला उरलेला एक टेसम हिलने केला. कमारा ज्याच्या संघात होता त्याला विजेतेपदाबद्दल अभिनंदन करायला फोन करून पाहावा. आभार वगैरे मानून झाले की तो मुद्द्यावर येतो: तिथे हिलला चेंडू द्यायची काही गरज होती का?